आत्याचा गळा

माझा भाऊ मारला गेला त्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर न्यूझीलंडची एक बाई भाड्याने राहत होती. चाकणच्या ज्या कंपनीत मी डिस्पॅचला होते, तिथे दूध पावडर भरायची नवी मशिनरी बसवायला ती आली होती. कंपनीने तिची सोय पिंपरीतल्या हॉटेलात केली होती, पण तळवड्याच्या ट्रॅफिकला कंटाळून तिने एक दिवस मला विचारलं, तुमच्या गावात खोली मिळेल का. आमचं गाव निघोजे, कंपनीपासून जवळ. जमीन एमआयडीसीत गेल्यावर वडिलांनी मोठं घर बांधलं होतं आणि वरचा मजला रिकामाच पडून होता. ती राहायला आली. अंगापिंडाने थोराड, पन्नाशीला टेकलेली, हनुवटीवर ओठांपासून खाली हिरवट-काळं नक्षीदार गोंदण. ती माओरी होती, म्हणजे तिकडची मूळची. गावाने पहिल्याच आठवड्यात तिला 'पाहुणी' हे नाव देऊन टाकलं.

आई-वडील गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो होतो, मी, धाकटा भाऊ आणि आत्या. आत्या वडिलांची मोठी बहीण. ऐन तारुण्यात नवरा विहिरीत बुडून मेला आणि ती माहेरी आली ती कायमची. तिच्याही हनुवटीवर गोंदण होतं, वयाने फिकट पडलेले ठिपके. पाहुणी सामान घेऊन अंगणात उतरली तेव्हा आत्याने सरळ तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, नीट बघितली आणि म्हणाली, "दुखलं असंल लई." मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणी म्हणाली, रडले होते मी.

आत्याला पंचक्रोशीत ओळखायचे ते रडण्यासाठी. कुणाकडे मयत झालं की तिला न्यायला मोटारसायकल यायची. ती मयताच्या उशाशी बसायची, पदर डोक्यावरून पुढे ओढायची आणि बारीक आवाजात सुरू करायची. मग आवाज चढत जायचा. एकेक आठवण घेऊन तिला हेल द्यायची, आणि घरातल्या बायका आपलं रडणं थांबवून तिचं ऐकायला लागायच्या. मेलेल्याशी ती सरळ बोलायची. त्याने काय कष्ट केले ते सांगायची, पण दारू पिऊन बायकोला कसं मारलं तेही सांगायची. एकदा एका सरपंचाच्या मयतीत तिने त्याने ढापलेली, शेतांकडे जाणारी गावची पाणंद त्याला ऐकवली होती. लोक चिडायचे, पण पुन्हा बोलवायचे. मेल्या माणसाला खोटं बोलून वाटेला लावू नये, एवढंच तिचं म्हणणं असायचं.

पाहुणीला मी हे एका रविवारी गच्चीवर सांगितलं. आत्या मिरच्या वाळत घालत होती. पाहुणीने हातातला चहा बाजूला ठेवला. मग म्हणाली, आमच्याकडेही हेच आहे. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत, काही दिवस त्याच्याजवळ बायका बसून राहतात, त्याच्याशी बोलतात, त्याला रागेही भरतात. आणि बाहेरून माणसं भेटायला आली की घरची बाई दारात उभी राहून त्यांना हाक घालते. येणाऱ्यांमधली बाई चालत चालत त्या हाकेला उत्तर देते. हाक नुसती जिवंत माणसांना नसते. येणाऱ्यांबरोबर त्यांचे मेलेलेही येतात, त्यांनाही घालायची असते. त्या हाकेचं नाव कारांगा. आत्याला ऐकू आलं करंगळी, आणि शेवटपर्यंत ती करंगळीच म्हणत राहिली.

"मग घाल की एक," आत्या म्हणाली.

पाहुणीने मान हलवली. तिची मोठी मावशी जिवंत आहे, हाक घालायचा मान तिचा. मावशीच्या मागे उभं राहून ती शिकली होती, पण एकटीने कधी घातली नव्हती. शिवाय ती हौसेने घालायची गोष्ट नाही. कुणी येत असेल तरच घालतात. आत्याला हे लगेच पटलं. तिलाही लोक कधीकधी गंमत म्हणून रडून दाखवायला सांगायचे, आणि ती त्यांना चपलेने मारायला उठायची.

मग पाहुणीने फोनवर देवमाशांचं गाणं लावलं. पाण्याखाली रेकॉर्ड केलेला तो आवाज होता. आधी दार करकरल्यासारखं, मग लांबच लांब वर चढणारा हेल, आणि खाली घसरत घसरत जाणारं घुमणं. आत्या मिरच्या सोडून जवळ येऊन बसली. ही कुठली बाई, असं तिने विचारलं. बाई नाही, मासा आहे, आणि गाणारा नर आहे, असं मी पाहुणीचं ऐकून सांगितलं. आत्याचा विश्वास बसेना.

पाहुणीने सांगितलेली पुढची गोष्ट मी आत्याला गाळत गाळत सांगितली, कारण ती सांगवत नव्हती. तिच्या लहानपणी त्यांच्या किनाऱ्यावर काळ्या देवमाशांचा कळप वाळूत येऊन अडकला. लांबवर नुसती काळी पाठ न् काळी पाठ. पाण्याबाहेर आल्यावर देवमासा स्वतःच्याच वजनाखाली चिरडतो, आतून फुप्फुसं दबत जातात. सगळा गाव बादल्या आणि ओल्या चादरी घेऊन त्यांच्या अंगावर पाणी ओतत होता. भरती आल्यावर काहींना ढकलून समुद्रात नेलं, तर वाळूतले जे मागे राहिले होते ते ओरडत होते, आणि ते ओरडणं ऐकून सुटलेले पुन्हा वळून किनाऱ्यावर यायचे. वाळूतली पिल्लं शेपट्या आपटून आपटून रक्तबंबाळ झाली होती. शेवटी सरकारी माणसं बंदुका घेऊन आली आणि जे वाचणार नव्हते त्यांना एकेक करून डोक्यात गोळ्या घातल्या. तिची आजी गुडघाभर लाल पाण्यात उभी राहून त्यांना हाक घालत होती, घरची माणसं गेली तर घालतात तशीच. बंदुकीचा बार झाला की तेवढी थांबायची आणि पुन्हा सुरू करायची.

"देव म्हंत्यात आन गोळ्या घालत्यात," आत्या म्हणाली आणि मिरच्यांकडे परत गेली.

माझा भाऊ या गोष्टींच्या वेळी कधी नसायचा. तो दिवसभर रस्त्यावर असायचा. गावातल्या इतर पोरांसारखा तोही कंपन्यांच्या दारावर मोठा झाला होता. शेत गेलं, मग गेटवर उभं राहून कामगारांच्या गाड्या लावणं, मग भंगाराचा ठेका. आमच्या कंपनीचं भंगार कोण उचलणार यावरून त्याचं आणि आमच्या चुलतभावाचं वाजलं होतं. चुलतभाऊ आमच्यापेक्षा मोठा, आम्ही त्याला दादा म्हणायचो. आमची घरं समोरासमोर, मधे फक्त गल्ली. लहानपणी दादाच माझ्या भावाला पाठीवर घेऊन इंद्रायणीत पोहायला शिकवायचा.

भाऊ चांगला होता असं मी सांगणार नाही. घरात तो मऊ होता, आत्याचे पाय चेपायचा, माझा डबा भरायचा. बाहेर त्याचा हात फार चालायचा. दादाच्या बाजूने भंगाराची गाडी आणणाऱ्या एका ड्रायव्हरला त्याने आमच्याच अंगणात आणून पाइपाने मारलं होतं. तो माणूस हात जोडत होता, भाऊ गुडघ्यांवरच मारत होता. पाहुणी वरून धावत खाली आली आणि मधे उभी राहिली. भावाने पाइप उगारलेलाच होता. क्षणभर मला वाटलं तो तिलाही मारेल. पाहुणी हलली नाही. त्याने पाइप टाकला आणि आत जाऊन अंघोळ केली. ड्रायव्हरला मी आणि पाहुणीने उचलून दवाखान्यात नेलं. त्याच्या एका गुडघ्याची वाटी फुटली होती.

त्यानंतर काही दिवसांनी मारुतीच्या देवळापुढे, भर गर्दीत, भावाने दादाला पट्ट्याने मारलं. बक्कल लागून दादाचा कान फाटला. दादाने हात उचलला नाही. फाटलेला कान हाताने दाबून तो फक्त माझ्या भावाकडे बघत होता. मी दुसऱ्या बाजूला फुलवाल्याजवळ उभी होते. त्याची ती नजर बघून मला घरी जावंसं वाटलं.

मग एकदम सगळं शांत झालं. दादाने निरोप पाठवला की झालं गेलं मिटवू, आपण एका रक्ताचे. एका सकाळी तो स्वतः आमच्याकडे आला. भाऊ अंघोळीला गेला होता, मी वर पाहुणीशी बोलत होते. आत्याने त्याला पोहे दिले. तो ओट्यावर बसून खाऊन गेला, कानाला अजून पट्टी होती.

त्याच दिवशी मी भावाबरोबर जीपमधून कंपनीत निघाले. वाटेत तो हवा भरायला थांबला. ऊन चांगलं वर आलं होतं, रस्त्यावर कंटेनर खोळंबलेले, शिफ्टच्या बसेस चाललेल्या. हवावाला टायरजवळ वाकला होता, भाऊ त्याच्याशी काहीतरी चेष्टा करत उभा होता. दोन मोटारसायकली आल्या. मागे बसलेल्यांच्या हातात कोयते होते. मी ओरडले का हे मला आठवत नाही. पहिला घाव भावाच्या मानेवर, मागून बसला. तो वळला आणि त्याने दोन्ही हात वर केले, तेव्हा पुढचे घाव हातांवर बसले. त्याची बोटं मी तुटून पडताना पाहिली. तो जीपकडे यायला लागला. मी दार उघडून त्याला आत ओढत होते, त्याचा शर्ट माझ्या मुठीत होता, आणि ते त्याच्या पाठीवर, कमरेवर, पायांवर मारत होते, लाकूड फोडावं तसं, दम लागला की थांबून पुन्हा. एक घाव माझ्या हातावर आला तेव्हा माझी मूठ सुटली. भाऊ खाली पडला. एकाने त्याचे केस धरून डोकं उचललं, चेहरा बघितला, खात्री केली, आणि मग तोंडावर मारलं. कंटेनरमधले ड्रायव्हर वर बसून बघत होते. मोबाइल धरलेले हात मला दिसत होते. मग ते मोटारसायकलींवर बसून निघून गेले. हवावाल्याचा पाइप सूं सूं करत तसाच जमिनीवर पडला होता. भावाचा एक डोळा उघडा होता आणि तो मला बघत होता. थोड्या वेळाने बघायचा थांबला.

माझ्या हाताला टाके पडले. पोलिसांना मी दिसलं ते सांगितलं. मारणारे चौघेही अनोळखी होते. दादा तिथे नव्हता. दादाचं नाव मी घेतलं, तर पुरावा काय, असं त्यांनी विचारलं.

पोस्टमॉर्टेमनंतर भावाला घरी आणलं तेव्हा दुपार होती. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याला पांढऱ्या कपड्यात गच्च बांधलेलं, फक्त चेहरा उघडा आणि त्यावरही अर्धी पट्टी. आत्या उशाशी बसली. पाहुणी कुठून तरी काळा पोशाख करून आली आणि आत्याच्या पाठीशी टेकून बसली. पुरुष तिरडी बांधत होते. तेवढ्यात दादा आला, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. माणसांनी त्याला वाट करून दिली. तो तिरडीपाशी जाऊन सुतळी ओढू लागला. त्याला खांदा द्यायचा होता.

आत्याने सुरू केलं. लहानपणापासून सगळं घेतलं, कावीळ झाली होती ते, शाळेतून पळून यायचा ते. मग आवाज चढवून म्हणाली, "तुजा हात लई चालायचा रं राजाऽऽ, लोकांची हाडं मोडलीस रं, देवळाम्होरं भावाला मारलंस, म्या तुला बोलले न्हाई रंऽऽ." बायका चपापल्या. आत्या थांबली नाही. "सकाळच्या पारी तुजा दादा आला रं, माज्या हातचं पोहं खाल्लं रं. मला इचारलं, कुठल्या रस्त्यानं जाणार हाय, कवा जाणार हाय. म्या सांगितलं रं माज्या वाघाऽऽ. हवा भराया थांबणार हाय म्हून म्याच सांगितलं. वट्यावरनंच त्यानं फोन लावला रं, म्या पाणी द्याया आले तर माज्याकडं पाठ केली रंऽऽ."

मागे सुतळी ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

तिरडीसाठी आणलेल्या बांबूंतला एक उरला होता. दादाने तो उचलला आणि माणसांवरून पाय टाकत आला. "म्हातारे, तोंड बंद कर," एवढंच तो बोलला. आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही, ती भावाच्याच चेहऱ्याकडे बघून पुढचा हेल घेत होती. त्याने बांबू आडवा फिरवला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आत्या भावाच्या अंगावर पडली, आणि तिच्या तोंडातलं रक्त आणि दात त्या पांढऱ्या कपड्यावर सांडले. त्याने बांबू पुन्हा उगारला, तेव्हा पाहुणीने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला उचलून ओट्यावर आपटलं.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. भावाबरोबर फिरणाऱ्या पोरांनी दादाच्या माणसांवर उडी घेतली. विटा, कुऱ्हाडीचे दांडे, तिरडीचेच बांबू. अंगणातली चूल कुणाच्या तरी अंगावर उलटली, त्याची किंकाळी. धक्क्याने भाऊ पाटावरून घरंगळून खाली पडला आणि लोक त्याच्यावरून पाय देऊन मारामारी करत होते. मी आणि पाहुणी त्याच्यावर आडव्या पडलो. माझ्या पाठीवर लाथा बसत होत्या. माझ्या तोंडाजवळ भावाचं कपाळ होतं, थंडगार. मग पोलिस आले आणि त्यांनी सरसकट लाठ्या चालवल्या, बायकांवरसुद्धा. भावाला शेवटी पोलिसांच्याच बंदोबस्तात, हातावर मोजण्याइतक्या माणसांनी, नदीवर नेऊन जाळलं. त्याच्यासाठी रडायला कुणी नव्हतं. आत्याला तोवर पिंपरीच्या दवाखान्यात ऑपरेशनला घेतलं होतं.

पाहुणीच्या बरगडीला मार बसला होता. तिला त्याचं काही नव्हतं. ती मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, त्याला असंच पाठवलं का, कुणी काही न बोलता?

दादाला त्याच दिवशी अटक झाली. पण समोरच्या घरात त्याचा धाकटा भाऊ होता, त्याच्याबरोबर फिरणारी पोरं होती. आमच्यावर दगड यायला लागले. पाहुणीच्या खोलीच्या काचा फुटल्या. कुणीतरी आमचं कुत्रं मारून दारात टाकलं, त्याचा जबडा दगडाने ठेचलेला होता. म्हणजे निरोप आम्हाला कळावा. कंपनीने पाहुणीला ताबडतोब पिंपरीला हलायला सांगितलं. ती म्हणाली, घरातली म्हातारी बाई घरी आल्याशिवाय मी जाणार नाही. तिचा साहेब माझ्यावर ओरडला.

आत्या घरी यायच्या आदल्या दिवशी पाहुणी फोनवर बराच वेळ बोलत होती. पलीकडे तिची मावशी होती. भाषा मला कळत नव्हती, पण पाहुणी मधेमधे गप्प राहून ऐकायची आणि डोळे पुसायची. नंतर तिने सांगितलं की मावशीने परवानगी दिली. हाक घालायला घरात दुसरी बाई नसेल तर तू घाल, पण सुरू केलीस तर मधे तोडू नकोस, असं मावशीने बजावलं होतं.

मी आत्याला रिक्षातून घेऊन आले. वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधलेले, तोंड सुजून एका बाजूला गेलेलं, गोंदणाच्या ठिपक्यांमधून टाके गेलेले. बोलता येत नव्हतं, नळीने पातळ घ्यायची. गल्लीच्या तोंडाशी आम्ही उतरलो, कारण समोरच्यांनी गल्लीत ट्रॅक्टर आडवा लावला होता. आत्याला धरून मी दोन पावलं टाकली आणि हाक ऐकू आली.

पाहुणी आमच्या दारात उभी होती, काळ्या कपड्यांत, त्यांच्याकडे मयतीत बांधतात तसा कडुनिंबाचा पाला डोक्याला बांधून. तो आवाज तिचाच आहे हे मला आधी कळलंच नाही. लांब, उंच, थरथरणारा, गल्लीच्या भिंतींना लागून परत येणारा. काय म्हणत होती ते तिने मला मागाहून सांगितलं. ये, मार खाऊन आलेल्या बाई, आपल्या घरात ये. तुझ्याबरोबर तुझ्या भाच्यालाही येऊ दे, ज्याला कुणी हाक घातली नाही. तुझ्या नवऱ्याला, भावाला, सगळ्यांना घेऊन ये. इथे जागा आहे.

समोरच्या गच्चीवरून पहिला दगड आला तो भिंतीला लागला. दुसरा तिच्या खांद्याला. तिचा आवाज हलला पण तुटला नाही. तिसरा कपाळाला लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. ती तशीच एक डोळा मिटून हाक घालत राहिली. मी आत्याला मागे ओढत होते. आत्या माझा हात झटकून पुढे निघाली, ट्रॅक्टरच्या आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरत. आणि तिने उत्तर दिलं. तोंड उघडत नव्हतं, शब्द नव्हतेच. बंद दातांमागून, छातीतून, घुमत घुमत तिचा हेल वर यायला लागला. आत्याचा गळा मी आयुष्यभर ऐकला होता, पण असा नाही. माझ्या हाताच्या टाक्यांपर्यंत तो मला जाणवला. पाहुणी थांबली की आत्या घ्यायची, आत्या थांबली की पाहुणी. एक दगड आत्याच्या पाठीत बसला. ती वाकली, भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि पुन्हा निघाली.

समोरच्या घराचं दार उघडून चुलती बाहेर आली. दादाची आई. आमच्याकडे न बघता ती जिना चढून गच्चीवर गेली. वरून झटापटीचा आवाज आला, एक चापट, मग दुसरी, आणि तिचं ओरडणं: "मला मार आता. मार तुज्या आईला. आण तो धोंडा." मग काही नाही. दगड थांबले. आत्या दारात पोचली, पाहुणीने त्यांच्या रीतीने तिच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, आणि दोघींची तोंडं रक्ताने माखली.

रात्री पाहुणीने मला सांगितलं, देवमासेही गाताना तोंड उघडत नाहीत. तिच्या कपाळाला पट्टी होती. आपण बरोबर केलं की नाही याची तिला खात्री नव्हती. कुणाच्या देशात, कुणाच्या दारात आपण हाक घातली, असं ती म्हणत होती. पुढच्या आठवड्यात काम अर्धवट असतानाच कंपनीने तिला परत बोलावून घेतलं. निघताना आत्याने तिला आपल्या हातातली एक पाटली काढून दिली. ती तिच्या मनगटात जाईना. तिने ती रुमालात बांधून घेतली.

दादाच्या मोबाइलच्या रेकॉर्डमध्ये त्या सकाळी आमच्या ओट्यावरून केलेला फोन सापडला, त्यावरून चौघे सापडले. खटला उभा राहिला. आत्याची साक्ष झाली तेव्हा तिचा जबडा वाकडाच जुळला होता, शब्द बोबडे यायचे. आरोपीच्या वकिलाने विचारलं की मयतीत रडताना माणूस भ्रमात असतो, तेव्हा बोललेलं खरं कसं धरायचं. आत्या म्हणाली, "साहेब, मी रडताना कवा खोटं बोलले न्हाई. बोलताना बोलले असंल." न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला लावलं. पुढे तारखा पडत गेल्या. दादाला जामीन मिळाला. तो परत समोरच राहायला आला. मी नोकरी सोडली नाही, गाव सोडलं नाही. सकाळी स्कूटर काढताना तो समोर दात घासत उभा असतो. कधी मला वाटतं स्कूटर सरळ त्याच्या अंगावर घालावी. पुढच्या चाकाखाली त्याचा पाय कसा येईल तेही मी ठरवून ठेवलं आहे. मग मी गाडी वळवते आणि कामाला जाते.

आत्या कुणाच्या मयतीला रडायला जाईनाशी झाली. बोलावणं यायचं, ती मान हलवायची. गेल्या वर्षी चुलती गेली, झोपेतच. समोरून कुणी बोलवायला आलं नाही, येणार नव्हतंच. आत्याने लुगडं बदललं आणि गल्ली ओलांडून सरळ त्यांच्या अंगणात गेली. मी फाटकापाशीच थांबले, माझे पाय आत जाईनात. दादा उशाशी बसला होता. आत्या त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो उठला आणि बाजूला झाला.

आत्याने पदर पुढे ओढला आणि सुरू केलं. गळा फाटलेला, हेल मधेच मोडत होता, शब्द अर्धे कळत नव्हते. ती चुलतीबद्दलच बोलली. दोघी एकाच वर्षी या गावात कशा आल्या, एक सून म्हणून, एक विधवा होऊन, एका उखळात दोघींनी कसं कांडलं. दगडांचंही बोलली. दादाबद्दल एक शब्द नाही. तो भिंतीला टेकून हुंदके देत होता आणि मला त्याची अजिबात दया आली नाही.

परत आल्यावर आत्या अंगणातच थांबली, मयतीहून आलेलं माणूस अंघोळीशिवाय घरात येत नाही म्हणून. पाणी तापव म्हणाली, आणि पाठ चोळायला ये, हात वर जात न्हाई माजा.